रस्ता, मुक्काम, दुरुस्ती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्याकडे पत्ता लिहिताना नावाखाली पहिली अक्षरं येतात ती 'मु. पो.' ही. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक. पिढ्यान् पिढ्या एकाच घरात राहिलेला माणूसही आपल्या पत्त्यात 'मुक्काम' लिहितो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. मूळ शब्द अरबी, 'मुकाम'. उभं राहण्याची, थांबण्याची जागा. 'मजल दरमजल' करीत आपण जातो, त्यातली मजल म्हणजे 'मंझिल'. 'रस्ता' हा शब्द फारसी आणि रस्त्यात गाडी बंद पडली की जी करावी लागते ती 'दुरुस्ती'ही फारसीच. यातले काही शब्द समुद्रावरून आले आणि दाभोळ-चौलच्या बंदरांत उतरले. काही खुष्कीच्या वाटेनं आले. इराण, हेरात, काबूल, खैबर, लाहोर, दिल्ली आणि मग दख्खन अशी ती वाट. कवितेशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे शब्द कुठल्या वाटेनं घरी आला, हे पाहण्याची मला खोड आहे.

आज मात्र मी बोलणार आहे ते त्याच वाटेनं आलेल्या एका गाडीबद्दल. ही गाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला जागा, स्वयंपाकाला शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला पडदे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. हे बिऱ्हाड चार चाकांवर. इंग्रजीत त्याला मोटारहोम किंवा कॅम्पर व्हॅन म्हणतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अशा गाड्या आजही लोक जिवापाड सांभाळतात, दुरुस्त करतात, रस्त्यावर नेऊन पारखून घेतात. त्या सांभाळण्यामागे केवळ हौस आहे असं मला वाटत नाही.

चालत्या घराची कल्पना मोटारीपेक्षा जुनी. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकानं १८८० मध्ये 'वाफेचं घर' अशा अर्थाच्या नावाची एक कादंबरी लिहिली. तिच्यात पोलादाचा एक हत्ती आहे, त्याच्या पोटात वाफेचं इंजिन आहे आणि तो दोन घरं ओढत नेतो. प्रवास सुरू होतो कलकत्त्याहून, आणि कथेत एक पात्र आहे ते थेट नानासाहेब पेशव्यांचं! व्हर्नचा हत्ती कागदावरच राहिला. पण पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, गॉर्डन स्टेबल्स या आरमारातल्या निवृत्त डॉक्टरानं 'वाँडरर' नावाचं घर बांधून घेतलं, त्याला दोन घोडे जुंपले आणि दक्षिण इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. बरोबर गाडीवान होता, नोकर होता. घोड्यांचं चारापाणी, नालबंदी सगळं नोकरांनी बघायचं. म्हणजे हे घर हलायचं ते दुसऱ्यांच्या कष्टांवर. पगारदार माणसाला, सुताराला, शिक्षकाला असं घर परवडायला आणखी पाऊणशे वर्षं जावी लागली.

ते घडलं जर्मनीत. फोक्सवॅगन हे नाव २००९ मध्ये चाकणला कारखाना सुरू झाल्यापासून आपल्याला परकं राहिलेलं नाही. १९४५ मध्ये या कंपनीचा वोल्फ्सबुर्गचा मूळ कारखाना युद्धात अर्धा उद्ध्वस्त होऊन ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला होता. आयव्हन हर्स्ट नावाच्या मेजरनं तो पुन्हा चालू केला. कारखान्यातल्या कारखान्यात सामान वाहायला कामगारांनी छोट्या मोटारीच्या सांगाड्यावर एक सपाट, उघडी गाडी केली होती. बेन पॉन या डच व्यापाऱ्यानं ती पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत पेन्सिलीनं एक आकृती काढली. पावासारखा डबा, इंजिन मागं, चालक अगदी पुढं, मधली सगळी जागा मोकळी. वहीतलं ते पान आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये जपून ठेवलेलं आहे.

पण कागदावरचा डबा आणि रस्त्यावरचा डबा यात फरक असतो. १९४९ च्या वसंतात पहिला नमुना तयार झाला. तो छोट्या बीटल मोटारीच्या तळावरच उभा केला होता. रात्रीच्या वेळी, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून, माल भरून तो रस्त्यावर नेला. काही दिवसांतच त्या तळानं दगा दिला. ओझ्यानं गाडी मधेच वाकली. मोटारीचा तळ मालगाडीचं ओझं पेलणार नव्हता. अभियंत्यांनी तो विचार सोडून दिला, खाली आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकट घातली, ती वरच्या सांगाड्याशी एकजीव केली आणि नव्या नमुन्याला पुन्हा खराब रस्त्यांवर पिटाळलं. ८ मार्च १९५० रोजी रीतसर उत्पादन सुरू झालं. इंजिन अकराशे एकतीस सीसीचं, ताकद पंचवीस अश्वशक्ती, ओझं पाऊण टन. ताकद बेताचीच. पण रिकामी गाडी चालवून खूश न होता भरलेली गाडी मोडेपर्यंत चालवून पाहिली, म्हणून ती पुढं साठ वर्षं टिकली. या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

तिच्यात घर घातलं ते वेस्टफालिया या कंपनीनं. १८४४ मध्ये एका लोहारकामाच्या दुकानातून सुरू झालेली, घोडागाड्या बनवणारी ही जुनी कंपनी. १९५१ पासून तिनं 'कॅम्पिंग बॉक्स' नावाची एक पेटी विकायला काढली. पेटी म्हणजे पलंग, कपाट आणि स्वयंपाकाची सोय यांचं एक गाठोडंच. शनिवारी ती गाडीत बसवायची, रविवारी रात्री काढून ठेवायची. सोमवारी तीच गाडी नळदुरुस्तीवाल्याची किंवा पाववाल्याची. पुढं कायमची घरं बसवलेल्या गाड्या निघाल्या, इंग्लंडमध्येही अनेक सुतारकामाच्या कारखान्यांनी हाच धंदा धरला. पण मूळ कल्पना ही होती की, ज्याच्याकडे दोन गाड्या घ्यायला पैसे नाहीत त्याला एकीतच दोन्ही मिळावं.

अशा माणसाला मिस्त्रीचं बिलही परवडत नाही. म्हणून या गाडीचं इंजिन ज्या रीतीनं केलेलं होतं, ते महत्त्वाचं. ते हवेनं थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. म्हणून वाळवंटात उकळणं नाही आणि बर्फात गोठणं नाही. चार बोल्ट आणि काही तारा सोडवल्या की सबंध इंजिन मागून खाली काढता येतं. त्याच्या बदल्यात गाडी एक मागणी करते. इंजिनला तेल लागतं अडीच लिटर, आणि ते गाळायला बारीक जाळी सोडून दुसरं काही नाही. म्हणून दर तीन हजार मैलांनी तेल बदलायचं. त्याच वेळी आठही व्हॉल्व्हची फट मोजायची. फट किती? एका मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याइतकी. ती कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, जळतो, तुटतो आणि इंजिनाचा चुरा करतो. जुन्या इंजिनांत तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी जायचा. कारण तेल थंड करणारा भाग नेमका त्याच्याकडे जाणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत होता. हे सगळं गाडीच्या मालकाला ठाऊक असावं लागे. १९६९ मध्ये जॉन म्यूर या अमेरिकन अभियंत्यानं 'हाउ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह' हे पुस्तक काढलं. हाताला कधी तेल न लागलेल्या माणसासाठी ते लिहिलेलं होतं. गाडी सांभाळणं हे जाणकारांचं गुपित नाही, हे त्या पुस्तकानं हजारो लोकांना पटवलं.

या गाडीची खरी परीक्षा जर्मनीतल्या रस्त्यांवर झालीच नाही. ती झाली त्या जुन्या खुष्कीच्या वाटेवर.

एप्रिल १९५७ मध्ये लंडनहून कलकत्त्याला 'इंडियामॅन' नावाची बस निघाली. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत युरोपातली, अमेरिकेतली, ऑस्ट्रेलियातली हजारो तरुण मुलंमुली या वाटेनं आली-गेली. कुणी बसनं, कुणी वाटेत मिळेल त्या वाहनानं, आणि ज्यांनी चार पैसे साठवले होते ते अशा चालत्या घरातून. इस्तंबूलमध्ये सुलतान अहमद मशिदीजवळ १९५७ मध्ये सुरू झालेलं एक उपाहारगृह आहे. प्रवाशांनी त्याचं नाव 'पुडिंग शॉप' पाडलं. तिथं भिंतीवर एक फळा होता. कुणाच्या गाडीत जागा आहे, कुणाला सोबत हवी आहे, पुढं रस्ता कसा आहे, याच्या चिठ्ठ्या त्यावर लागत. १९७३ मध्ये बॉस्फरसवर पूल झाला. तोवर गाड्या बोटीत घालून आशियात उतरवाव्या लागत. मग अंकारा, एर्झुरूम, तब्रीझ, तेहरान, मशहद. तिथून सरहद्द ओलांडली की हेरात.

हेरात म्हणजे आमच्या दृष्टीनं जामीचं गाव. फारसीचा हा थोर कवी १४९२ मध्ये तिथंच वारला, तिथंच त्याची कबर आहे. गाडीतल्या मुलांपैकी किती जण तिथं थांबले असतील, कोण जाणे. पण हेरातपासून पुढं त्यांच्या चाकांखाली जो रस्ता होता त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. हेरात ते कंदाहार हा काँक्रीटचा रस्ता सोव्हिएत संघानं बांधून दिला होता. कंदाहार ते काबूल हा डांबरी रस्ता अमेरिकेनं. साठच्या दशकात दोघं जगभर एकमेकांवर डोळे वटारून बसले होते आणि इथं कंदाहारमध्ये एकाचा रस्ता संपून दुसऱ्याचा सुरू होत होता. मधून जाणारी गाडी जर्मन, तिच्यातली मुलं इंग्रज नाहीतर ऑस्ट्रेलियन आणि वाटेत चहा देणारा पठाण. मग काबूल, खैबर खिंड आणि पेशावर. पेशावरातल्या जुन्या बाजाराचं नाव किस्साख्वानी, गोष्टी सांगणाऱ्यांचा बाजार. त्यातला 'किस्सा' आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

या प्रवासात एक कागद फार महत्त्वाचा असे, 'कार्ने'. गाडी ज्या देशात नेली त्या देशातून ती परत बाहेर नेईन, तिथं विकणार नाही, याची ती हमी. गाडी बाहेर निघाली नाही तर जबर जकात भरावी लागे. म्हणजे बंद पडली म्हणून गाडी रस्त्याकडेला टाकून देता येत नव्हती. जाण्याची मुभा तिलाच, जी परत नेता येईल. म्हणून गाडीच्या पोटात ब्लँकेटांबरोबर फॅनबेल्ट, प्लग, पॉइंट, तारा आणि व्हॉल्व्हची फट मोजायची पट्टी असे. इराण-अफगाणिस्तानातली धूळ हवेच्या गाळणीत साचे. त्या गाळणीत तेल असायचं, ते काढून, धुऊन, नवं घालायचं. सकाळी इंजिन गार असताना व्हॉल्व्ह तपासायचे आणि मगच पुढची मजल.

या गाड्यांपैकी काही दिल्लीहून काठमांडूला गेल्या, काही मुंबईवरून गोव्याला. हणजुण्याचा बाजार आज सगळ्यांना माहीत आहे; खिसा रिकामा झालेल्या प्रवाशांनी आपल्या चीजवस्तू विकण्यापासून त्याची सुरुवात झाली. आमचं गाव चिपळूणजवळ, मुंबई-गोवा रस्त्याला लागून. माझ्या चाचांचं तिथं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. मी तेव्हा अगदी लहान. पुढची हकिगत घरात इतक्यांदा ऐकली की पाहिल्यासारखीच वाटते. पडदे लावलेली एक गाडी ढकलत आणून गॅरेजसमोर उभी केली. चाचा पाण्याचा डबा घेऊन पुढं गेले. पुढं बॉनेटच नाही. मागं इंजिन सापडलं, पण त्याला रेडिएटर नाही. "पाणी खंय घालूचा?" म्हणून ते गाडीभोवती दोनदा फिरले, तेव्हा आतल्या गोऱ्या मुलीनं खुणेनं सांगितलं की, पाणी नकोच. तुटली होती ती ॲक्सिलरेटरची तार. पायापासून मागच्या इंजिनापर्यंत तिला सगळी गाडी पार करावी लागते. एवढी लांब तार चिपळुणात कुठून मिळणार? चाचांनी स्कूटरच्या दोन तारा एकमेकींत अडकवून जोडल्या, त्या मुलांना जेवू घातलं आणि पैसे घेतले ते फक्त तारांचे. पुढं कित्येक वर्षं ते म्हणत, ज्या गाडीत मिस्त्रीला हात घालायला जागा ठेवली आहे, ती गाडी कुठल्याही मुलखात चालेल.

गाडी चालली असती. रस्ता थांबला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भारत-पाकिस्तान सरहद्द बंद झाली होती, नंतर उघडली. १९७८ च्या एप्रिलमध्ये काबूलमध्ये सत्ता उलथली. १९७९ च्या फेब्रुवारीत इराणमध्ये क्रांती झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत रणगाडे अफगाणिस्तानात उतरले आणि सप्टेंबर १९८० मध्ये इराण-इराक युद्ध पेटलं. अडीच वर्षांत ती वाट मधोमध तुटली. ज्यांनी हेरातचा काँक्रीट रस्ता बांधून दिला होता, त्यांचेच रणगाडे त्यावरून गेले. कंदाहार-काबूल रस्ता पुढच्या लढायांत इतका उखडला की, २००३ मध्ये अमेरिकेला तो पुन्हा करावा लागला. तोही पुढं सुरुंगांनी फुटत राहिला.

गाडी मात्र बनतच राहिली. जर्मनीत नवे प्रकार आले, पण ब्राझीलमध्ये तो जुना पावाच्या आकाराचा डबा डिसेंबर २०१३ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होता. तिथं पुढच्या वर्षापासून नव्या गाड्यांत एअरबॅग आणि घसरण रोखणारे ब्रेक सक्तीचे झाले, तेव्हा ते उत्पादन थांबलं.

आता त्या दुरुस्तीकडे येतो. आमच्या कोकणी मुसलमानांतली पुष्कळ घरं बोटीवरच्या नोकऱ्यांमुळे इंग्लंडला गेली आणि तिथंच स्थिरावली. माझा एक भाचा लँकशायरमध्ये राहतो. त्याच्याकडे १९७३ सालचं असं एक चालतं घर आहे. इंजिन सोळाशे सीसीचं, छत वर उचलणारं, बाजूला कापड. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे तीन आठवडे होतो आणि त्यातला बराच काळ त्या गाडीखाली विजेरी धरून बसलो.

ब्रिटनमध्ये दर वर्षी गाडीची सक्तीची तपासणी होते. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली. भाचा तरीही दर वर्षी स्वतःहून गाडी तपासून घेतो. "मामू, कायद्यानं सूट दिली म्हणून गंज थोडाच सूट देणार आहे?" असं त्याचं म्हणणं. त्याची पहिली लढाई गंजाशी. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन तो दाराखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचं तबक, चाकांवरच्या कमानी असं सगळीकडे फिरवतो. चुंबक चिकटलं नाही तर तिथं पत्रा नाही. कुणीतरी लांबी भरून वर रंग दिलेला आहे. असा तुकडा कापायचा, नवा पत्रा जोडायचा. दुसरी लढाई पेट्रोलच्या नळ्यांशी. सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी चिरते, पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं आणि गाडी पेटते. आपल्याकडे तर २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचलं, तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्यानं सगळ्या नळ्या बदलल्या, इंजिनाभोवतीची रबरी झालर बदलली. ही झालर फाटली तर खालची तापलेली हवा पुन्हा वर येते आणि हवेवर थंड होणारं इंजिन आपल्याच उष्ण श्वासावर चालू लागतं.

मग घराची पाळी. गॅसची नळी आणि हवा जायची जाळी, पाण्याची टाकी, छताचं कापड, दिव्यांची वेगळी बॅटरी. शेवटी रात्रभर गार झालेल्या इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह. ते काम त्यानं माझ्याकडून करून घेतलं. पातळ पोलादी पट्टी फटीत सरकवायची. ती अगदी अलगद अडली पाहिजे, घट्ट नाही आणि सैलही नाही. हाताला ते कळायला मला पहिले दोन व्हॉल्व्ह लागले.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची चाचणी. मला वाटलं, आता गाडी काढायची आणि निघायचं. तर त्यानं आधी ती भरायला घेतली. पाण्याची टाकी काठोकाठ, गॅसची टाकी, अंथरुणं, भांडी, अवजारांची पेटी, आणि त्याची बायको, दोन मुलं आणि मी. १९४९ मध्ये तो पहिला नमुना मोडला तो भरल्यावरच, हे मी तेव्हा त्याला सांगितलं. त्याला ते माहीत होतं. रिकाम्या गाडीच्या चाचणीवर त्याचा विश्वास नाही. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का पाहिलं. मग आम्ही शॅपच्या जुन्या घाटाकडे निघालो. १९७० मध्ये मोटारवे होण्याआधी स्कॉटलंडकडे जाणारी सगळी वाहतूक या उघड्या, वाऱ्याच्या चढावरून जायची; हिवाळ्यात ट्रकवाल्यांची तिथं फार दैना होई. चढावर गाडी दुसऱ्या गिअरवर आली. मागून येणाऱ्या मोटारींना तो हात दाखवून पुढं सोडत होता. त्याचा कान मागं इंजिनाकडे आणि नाक पेट्रोलच्या वासाकडे. माथ्यावर त्यानं इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबला आणि गरम असतानाच पुन्हा चालू करून पाहिलं. खाली पुठ्ठा अंथरून तेल कुठं ठिबकतं ते पाहिलं. सोबतच्या वहीत तारीख, मैल, तेलाची पातळी, कुठला आवाज आला, सगळं लिहिलं. दहा वर्षांच्या मुलीनं चहा केला. वारा असा होता की, सबंध घर हलत होतं.

तिथं त्यानं मला नकाशा दाखवला. लँकशायर ते चिपळूण. एक दिवस हे घर गावी आणायचं, चाचांच्या गॅरेजसमोर उभं करायचं, अशी त्याची इच्छा आहे. गाडीबद्दल त्याला शंका नाही. जे झिजतं ते त्याला ठाऊक आहे, त्याचे सुटे भाग मिळतात, दुरुस्ती त्याच्या हातात आहे. आणि रस्ता? ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकीही बंद करण्यात आली. फटी मोजायची पट्टी इथं चालत नाही.

जुनी गाडी सांभाळणाऱ्याला लोक गतकाळात रमणारा समजतात. मला तसं वाटेनासं झालं आहे. झीज ही होणारच, हे तो आधीच मान्य करतो. मोडल्यावर धावाधाव करण्याऐवजी तीन हजार मैलांनी, काही बिघडलेलं नसताना, वाकून बघतो. शेजाऱ्याशी संबंध, भाषा, सरहद्दीवरचं येणं-जाणं यांनाही अशीच देखभाल लागते. १९५७ ते १९७९ या काळात ती वाट चालू होती ती काही सगळे देश एकमेकांचे मित्र होते म्हणून नव्हे. कंदाहारला दोन वैऱ्यांचे रस्ते जोडलेले होते, प्रत्येक चौकीवर कागद तपासून शिक्का मारणारा एक कारकून बसलेला होता आणि वाटेत कुठंतरी माझ्या चाचांसारखा एखादा मिस्त्री होता. एवढ्यावर वाट चालते. यातलं एकेक नीट बघायचं सोडून दिलं की ती बंद पडते आणि बंद पडलेली वाट पुन्हा चालू करायला किती वर्षं लागतात, ते १९७९ पासून आपण मोजतो आहोत. रस्ता, मुक्काम आणि दुरुस्ती हे शब्द आपल्याकडे आले त्याला कित्येक शतकं झाली. ते कुणी परत पाठवू शकलेलं नाही, हा माझ्यासारख्या माणसाला त्यातल्या त्यात दिलासा.

भाच्यानं तूर्त इस्तंबूलपर्यंत जाऊन यायचं ठरवलं आहे. एका बाजूचा प्रवास दोन हजार मैलांच्या वर. म्हणजे व्हॉल्व्हची तपासणी परतीच्या वाटेत कुठंतरी येणार. ती निघायच्या आधी इस्तंबूललाच करून घे, असं मी त्याला कळवलं आहे.